हत्तीखान्यात मी एकटा बसलो होतो

ही गोष्ट आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेली नाही. म्हणजे — गोष्ट पडली आहे, साताऱ्याच्या स्टँडपासून सांगलीच्या हळदपेठेपर्यंत हजारदा पडली आहे. पण तिच्यातला एक दाणा मी गालात दाबून ठेवला होता. तो तेवढा कुणालाच दिसला नाही. बायकोलाही नाही.

मला तुम्ही ओळखताच. कृष्णेच्या डोहात सुसरीच्या पाठीवर बसून पैलतीराला गेलो न् तोंडातली बिडी विझू दिली नाही, असं सांगणारा पांडबातात्या तो मीच. आमच्या घरात मी भाजीला खारट म्हणालो तर बायको आणखी मीठ टाकायची. "आवं, तुमचं खारट म्हंजे आळणीच आसणार." असल्या माणसानं कबुली द्यायची म्हणजे — कुणी ऐकायची तरी कशी? पण एक करतो. जिथं फुगवीन तिथं माझी मीच टाचणी लावीन.

गोष्ट इंग्रज जाणार-जाणार अशी हवा होती तेव्हाची. आमचं संस्थान सातारा न् सांगलीच्या मधे कुठंतरी. नाव नाही सांगत. एवढंसं होतं, की वरच्या शिवेवर कुणाला उचकी लागली तर आठवण काढणारा खालच्या शिवेवर हमखास सापडायचा. बांधाच्या अलीकडं आमचे सरकार, पलीकडं इंग्रजांचा जिल्हा. पलीकडच्याचे बैल त्याचे स्वतःचे. आमचे बैल सरकारची शिकार निघाली, सरकारच्या घरचं लग्न निघालं, की सरकारचे. गाड्या जुंपून वेठीला जायचं. पेरणी तोंडावर असली तरी जायचं.

तरी आमचे श्रीमंत मनानं वाईट नव्हते हो. त्यांनी आम्हाला प्रजासभा दिली होती. निवडून आलेले थोडे, सरकारनं नेमलेले थोडे, वर अध्यक्ष म्हणून दिवाणसाहेब. सभा भरायची हत्तीखान्यात. हत्ती मेला होता न् दुसरा घ्यायची ऐपत नव्हती, मग त्या जागी बाकं टाकली. पावसाळ्यात हत्तीचा वास यायचा. म्हणे एकदा दिवाणसाहेबांनी ठराव वाचला न् भिंतीतून चीत्कार आला — नाही, हे मी फुगवतोय. वास मात्र यायचा.

मत द्यायची रीत अशी : बाजूने असेल त्यानं उभं राहायचं, विरुद्ध असेल त्यानं बसून राहायचं, कारकून बोट दाखवत डोकी मोजणार. आधी हात वर करायची रीत होती. पण एक म्हातारे इनामदार हात वर करून झोपी जायचे, न् पुढच्या सगळ्या ठरावांना त्यांचं मत पडत राहायचं. म्हणून मग उभं राहणं.

आणि दुसरी रीत, राजवाड्यातली. श्रीमंत आले की उठायचं, हात छातीशी न्यायचा, मान खाली घालायची. ही काही शिकवावी लागत नसे. चोपदाराची काठी फरशीवर आपटली की आमचे पाय आपले आपण उठायचे. गावात सरकारची मोटार लांबून दिसली तर कोंबड्यासुद्धा अंड्यांवरून उठत. टाचणी लावा हवी तर. पण माणसं उठत, ताटावरून उठत, हे खरं.

या दोन रीतींची गाठ पडू नये म्हणून मत घ्यायच्या वेळी श्रीमंत सभेत थांबत नसत. शेजारच्या खोलीत चहा घेत बसत. मतं झाली की चोपदार त्यांना घेऊन येई. धोंडी चोपदार आधी बाजूच्या दारातून डोकं आत घाली न् दाराशी बसला असेल त्याला विचारी, "झालं का?" दाराशी कोण बसे? मी. पिंक टाकायला बरं पडायचं म्हणून.

आता बाळगोंडा.

त्याचं नाव लिहायला हात अडखळतो बघा. बाळगोंडा पाटील, आमच्याच गावचा, जैनाचा. आमची शेतं बांधाला बांध. आम्ही एकाच म्हशीच्या शेपटाला धरून पोहायला शिकलो. निवडून आलो ते दोघं बरोबरच. पण मला वाटायचं, मी आलोय माझ्यामुळं न् तोही आलाय माझ्यामुळंच. का नाही वाटणार? गुऱ्हाळावर मी बोलायला लागलो की काहिलीतला रस उतू जायचा, गुळव्याचं भान सुटायचं. बाळगोंडा कोपऱ्यात चिपाडावर बसून ऐकायचा, न् हसायचा. हसणं तेवढं खळखळून. बोलणं मात्र मोजून-मापून.

कधी सुरू झालं ते? मला वाटतं, त्या गुऱ्हाळावरच. माझी गोष्ट रंगात आली होती, बायाबापड्या पोट धरून हसत होत्या. शेवटी एकानं डोळे पुसले, म्हणाला, "तात्या, लय ग्वाड बोलतासा बगा." न् तसाच वळून बाळगोंडाला म्हणाला, "आण्णा, ती पाटाच्या पाण्याची भांडनं. काय करावं म्हंतासा आमी?"

कळलं तुम्हाला? माझ्याकडं हसायला यायचं न् जगायचं कसं ते त्याला विचारायचं.

एकदा दिसलं की मग ते सगळीकडं दिसायला लागलं. पोरीचं स्थळ आलं — अण्णाला विचारा. बैल घ्यायचा — अण्णाला दाखवा. माझी बायको! एकदा मी घरात सांगत होतो की इंग्रज खरंच जाणार, मी पक्कं ऐकून आलोय. ती भाकरी थापता थापता म्हणाली, "बाळगोंडा भावजी बी तसंच म्हनत हुते. म्हंजे जात्याल." माझ्या सांगण्यावर ते इंग्रज जाईनात! चुलीत मिरची पडावी तसं झालं मला. ठसका बाहेर नाही, आत. न् गंमत अशी की बाळगोंडानं यात काही केलेलं नव्हतं. काही केलं असतं तर भांडता तरी आलं असतं, नाही का? तो नुसता होता. माणसानं नुसतं असावं न् लोकांनी त्याच्या सावलीला बसावं — हे सोसत नाही हो. इतकी वर्षं झाली, लिहिताना आत्तासुद्धा जळतंय.

तर त्या साली दक्षिणेतल्या राजेलोकांच्या मनात आलं, की इंग्रज गेल्यावर एकेकटे राहिलो तर बुडू, म्हणून सगळ्या संस्थानांचा मिळून एक संघ करायचा. आमच्या प्रजासभेपुढं ठराव आला : आपण संघात जावं की नाही. दिवाणसाहेबांचं म्हणणं, आपली भाषा, आपले राजे, आपलं घर, एकत्र राहू तर मान राहील. लोकांचं म्हणणं, राजे नकोत, बांधापलीकडचा जिल्हा आहे त्यातच आम्हाला टाका न् बैल मोकळे करा.

गावात चावडीपुढं माणसं जमली. मी बोललो, चांगलं तासभर बोललो. लोक हसले. मग बाळगोंडाला म्हणाले, "आण्णा, तुमी बी सांगा."

तो उठला, म्हणाला, "ठरावाला मी उभा ऱ्हानार न्हाई."

न् बसला. झालं. माणसं घोंगड्या झटकून घरी निघाली, जणू मत पडून निकाल लागला. अहो, मीही तेच सांगितलं होतं! त्याच्याआधी सांगितलं होतं!

सभेच्या दिवशी हत्तीखान्याच्या फाटकाबाहेर ही गर्दी. लाखभर — नाही, पाचपन्नास असतील. आत हिशोब सरळ होता. नेमलेले उठणार, निवडलेले बसणार, न् बसणाऱ्यांचं पारडं केसभर जड. ठराव पडणार हे दिवाणसाहेबांच्या चेहऱ्यावरच लिहिलेलं.

मी त्या दिवशी असं बोललो, असं बोललो! म्हणालो, राजेलोकांचा संघ म्हणजे एका पंगतीला सगळे नवरदेवच. मुंडावळ्या सावरता सावरता जेवतील ते, पण वाढायचं कुणी, न् पत्रावळ्या उचलायच्या कुणी? दिवाणसाहेबांनी चष्मा काढून डोळे पुसले. इनामदार झोपेतून जागे होऊन हसले. मी बसलो न् मनात म्हणालो, आता बोल म्हणावं कुणाला बोलायचं ते.

बाळगोंडा उभा राहिला.

"एका सरकारचा भार वढताना बैलांच्या माना सोलल्यात," तो म्हणाला. "आता समद्या सरकारांची भाऊबंदकी आमच्याच गाडीत बसनार. आमास्नी झेपायचं न्हाई."

हत्तीखाना गप्प झाला. नुसता गप्प नाही — मघाशी हसलेली माणसं आपण हसलो याची लाज वाटल्यासारखी खाली बघायला लागली. माझी पंगत, माझे नवरदेव, माझ्या पत्रावळ्या, सगळं वाहून गेलं. त्याच्या तीन वाक्यांत.

दिवाणसाहेबांनी कागद सारखे केले. "ठरावाच्या बाजूने असतील त्यांनी उभं राहावं."

नेमलेल्यांतले एकदोघं गुडघ्यांवर हात ठेवून उठायला लागले. तेवढ्यात माझ्या कानाशी बाजूचं दार करकरलं न् धोंडीचं पागोटं आत आलं.

"तात्या, झालं का? सरकारास्नी आणू?"

काय करायला हवं होतं मी? ‘थांब’ म्हणायचं. एक शब्द. ज्या माणसानं जन्मभर शब्दांची उधळण केली त्याला एक शब्द जड होता?

मी बाळगोंडाकडं बघितलं. दोन्ही पंजे गुडघ्यांवर ठेवून बसला होता. तो उठणार नव्हता, जमीन फाटली असती तरी नसता उठला. न् उद्या सगळा मुलूख म्हणणार होता, अण्णा बोलले तसे वागले. मीही बसलेलोच होतो की! पण माझं बसणं कोण धरणार होतं? पांडबाचं काय, त्याला भाषण करून दम लागला असंल.

मी मान हलवली. होय म्हणून.

एवढंच. तोंडातून काही निघालं नाही. माझ्या आयुष्यातली सगळ्यात मोठी थाप मी न बोलता मारली.

काठी आपटली. "बाआदब! श्रीमंत सरकार येत आहेत!" न् हत्तीखाना उठला. सगळाच्या सगळा. हात छातीशी, माना खाली. आणि मी? मी पानाची चंची मुद्दाम हातातून सोडली न् ती शोधायला बाकाखाली वाकलो. काय होणार ते मला माहीत होतं. मला एकट्यालाच माहीत होतं. बाकाखालून मला पाय दिसत होते, रांगेनं, अनवाणी. बाळगोंडाच्या टाचांच्या भेगा मी हजार पायांत ओळखल्या असत्या. ते पाय उठले. त्याला विचारून उठले नाहीत. बापाचे, आज्याचे जसे उठत आले तसे उठले.

वर कारकुनाचं बोट फिरत होतं.

मी चंची घेऊन सरळ झालो, तर उभ्या माणसांच्या रानात मी एकटा बसलेला. श्रीमंत माझ्याकडं बघत होते. ते आसनावर बसले. दिवाणसाहेब म्हणाले, "एक वगळता सर्वांची संमती."

मग कल्ला झाला. निवडलेले सगळेच ओरडले, आम्ही सरकारांना उठलो, ठरावाला नव्हे. दिवाणसाहेब गालात हसले. "सरकारांना उठलात ना? मग सरकारांची इच्छा ती तुमची. की सरकारांसमोर नाही म्हणता?" पुढं कोण बोलणार? श्रीमंत समोर बसलेले. एक बाळगोंडा तेवढा बोलला. श्रीमंतांना मुजरा करून, माझ्याकडं हात करून बोलला.

"पांडबा दाराशी हुता. चोपदार मतं व्हायच्या आदी आला का मागनं, त्येनं बघितलंय. त्येला इचारा. त्यो सांगंल."

त्यो सांगंल! सगळ्या मुलखात माझ्या शब्दावर विसंबणारा हा एकच माणूस निघाला, न् तो ह्या वेळी निघाला.

मी उभा राहिलो. काय सांगितलं? सगळे ऐकत होते. त्या दिवशी पहिल्यांदाच माझ्यासाठी हत्तीखाना गप्प झाला होता, हसायचं सोडून. ती शांतता किती गोड होती, हे सांगताना लाज वाटते. पण गोड होती.

मी म्हणालो, "मला काय ठावं? मी आपला बसलो हुतो. ज्याला बसायचं हुतं त्यो बसला."

बाळगोंडानं माझ्याकडं बघितलं. राग नव्हता. शेतातली ओळखीची वाट नांगरून टाकलेली दिसावी, तसं बघितलं.

फाटकाबाहेर बातमी माझ्याआधी पोचली होती : सगळे उठले, एकटा पांडबा बसला. मला खांद्यावर घेतलं. बाकीचे सांगत होते, अहो, सरकार आले म्हणून उठलो. तर लोक म्हणाले, "मग तात्यास्नी सरकार दिसलं न्हाई व्हय? त्ये कसं बसलं?" बघा, माझ्या बसण्यानं सगळ्यांचं खरं खोटं पडलं. बाकीच्यांनी पुढं शपथा घेतल्या, भांडले, हळूहळू लोक विसरले. बाळगोंडाला विसरले नाहीत. ज्याच्यावर भार टाकला होता तोच मोडला, असं वाटलं त्यांना. त्यानं शपथ घेतली नाही. कुणी तोंडावर विचारलं तर म्हणायचा, "उठलो हे खरं हाय." दुसरा एखादा असता तर पुढं ‘पण’ लावला असता. ह्यानं लावला नाही.

तो चावडीवरनं निघाला की टवाळ माणसं एकमेकांना म्हणायची, "उटा रं, सरकार आलं!" न् खदखदायची. ते वाक्य पहिल्यांदा मीच कुठंतरी बोललो होतो, अशी मला शंका आहे. शंका कसली — बोललो होतो. पाण्याचं भांडण, पोरीचं स्थळ, सगळं माझ्याकडं यायला लागलं. मी सल्ले दिले. बरेचसे चुकले.

तो संघ काही टिकला नाही. थोड्याच दिवसांत राजे गेले, संस्थानं गेली, बैल मोकळे झाले. आमचं मत उठून पडलं असतं काय, बसून पडलं असतं काय, होणार होतं तेच झालं. मग काय बिघडलं, असं मी पुष्कळदा स्वतःला विचारलं. बाळगोंडानं शेत वाट्यानं लावलं न् सांगलीला हळदपेठेत दुकान टाकलं, हे बिघडलं. बांधापलीकडं दुसराच माणूस औत धरायला लागला.

आणि मी ती गोष्ट सांगत सुटलो. तुम्हीही ऐकली असेल. राजाच्या डोळ्याला डोळा भिडवून बसलेला पांडबा! दरवेळी श्रीमंतांच्या मिशा वाढत गेल्या. पुढं पुढं तर त्यांच्या हातात तलवार आली. धोंडी चोपदाराच्या ध्यानीमनीही काही नव्हतं. त्यानं विचारलं, मी मान हलवली, त्यानं काठी आपटली. तो गेला तेव्हा त्या मानेचा एकुलता साक्षीदार गेला.

एकदा सांगलीला गेलो होतो. पेठेत कुणीतरी ओळखलं न् हाताला धरून बाळगोंडाच्याच दुकानात नेलं. गादीवर तो बसला होता, हळदीनं बोटं पिवळी. "ये रं पांडबा," म्हणाला, चहा मागवला. भोवती व्यापारी, हमाल जमले. म्हणाले, "तात्या, ती राजाची गोष्ट हुं द्या." मी त्याच्याकडं बघितलं. त्यानं खालीच बघून पोत्याचं तोंड शिवायला घेतलं होतं. उठून जाता आलं असतं मला. गेलो का? मी सांगितली. तलवारीसकट सांगितली. त्याच्या गादीवर बसून, त्याचा चहा पीत.

एक हमाल हसत म्हणाला, "काय तरी फेकतासा तात्या! राजाम्होरं कोन बसतंय?"

बाळगोंडानं दाभण थांबवलं. "न्हाई रं. त्यो बसला हुता. मी बघितलंय."

मग सगळे माझ्याकडं अशा नजरेनं बघायला लागले, जशी नजर मी जन्मभर मागत होतो. त्याच्या शब्दावर माझी थाप खरी झाली. मी चहा संपवला. ती नजर अंगावर घेऊन, छाती काढून पेठेतून चालत गेलो. स्टँडवर आलो तेव्हाही ती नजर मला पुरवून पुरवून वापरावीशी वाटत होती.

आता बाळगोंडा नाही. गादीवर त्याचा मुलगा बसतो. त्यानं मला एकदा बाजूला घेऊन विचारलं, "काका, आमचं बाबा त्या दिवशी का उठलं हो?"

मी म्हणालो, "मानूस हाय बाबा. डगमगतंय एकांद्या वक्ताला."

बाळगोंडा डगमगला नव्हता. मी मान हलवली होती.